मॉड्युलर रायफल : सगळं बदलता येतं, मग कायम काय राहतं?

देवळीचा आर्मरर (धागालेखक)

आमच्या भागात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रोडनं धावतात आणि दुपारी मोबाइलवर रायफलींचे व्हिडिओ पाहतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो : "काका, बाहेरच्या सैन्यांकडे नळी बदलता येणारी, दस्ता बदलता येणारी मॉड्युलर रायफल आहे. आपण का नाही बनवली?" आपल्याकडे प्रयत्न झाला होता. तो का अडला हे समजायचं तर आधी अशी रायफल आतून कशी रचतात ते पाहावं लागतं. मी सैन्यात आर्मरर होतो, हत्यारांची देखभाल-दुरुस्ती हेच माझं काम. म्हणून सविस्तर लिहितो आहे.

रायफलीवर दुर्बीण, टॉर्च आणि पुढची पकड लावता आली म्हणून ती मॉड्युलर होत नाही. ती सोय पिकाटिनी रेलची. अमेरिकी सैन्यानं १९९५ मध्ये तिची मापं प्रमाणित केली. खाचांचं माप ठरलेलं, म्हणून कोणत्याही कंपनीची वस्तू तिच्यावर बसते. ट्रॅक्टरच्या मागच्या थ्री-पॉइंट लिंकेजचं माप ठरलेलं असल्यामुळे रोटाव्हेटर कोणाचाही चालतो, तसंच हे. खरी मॉड्युलर रायफल याच्या पुढे जाते. तिच्यात नळी, बोल्ट (काडतुसाला मागून बंद करून धरणारा पोलादी भाग), मॅगझिनची जागा, म्हणजे प्रत्यक्ष मारा करणारा गाभाच बदलता येतो.

आता मुख्य मुद्दा. राउंड, म्हणजे काडतूस, फुटला की चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला राउंड बसतो त्या जागेत) ३,५०० बारच्या वर दाब तयार होतो. तो गोळीला पुढे ढकलतो आणि तेवढ्याच जोरानं बोल्टला मागे रेटतो. हा मागचा रेटा कोणी सोसायचा, यावर सगळी रचना ठरते. एके-४७ च्या एकेएम जातीत बोल्टचे दाते ट्रनियन नावाच्या पोलादी ठोकळ्यात अडकतात. नळी त्या ठोकळ्यात दाबून बसवून पिननं जखडलेली असते आणि ठोकळा बॉडीला पक्का केलेला असतो. मजबुतीत तिला तोड नाही, पण नळी काढायची तर प्रेस लागतो.

अमेरिकी रचनाकार युजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात एआर-१० ही रायफल रचली. तिच्यात बोल्टचे दाते नळीच्याच मागच्या वाढीव भागात, म्हणजे बॅरल एक्स्टेन्शनमध्ये अडकतात. ही कल्पना त्याआधी मेल्विन जॉन्सन यांच्या १९४१ च्या रायफलीत होती. तिचा फायदा फार मोठा आहे. सगळा ताण नळी आणि बोल्ट यांच्यातच मिटतो, बॉडीवर फारसा येतच नाही. मग बॉडी ॲल्युमिनियमची करा, नायलॉनच्या जातीच्या पॉलिमरची करा, चालतं. नळी आणि बोल्टची जोडी तेवढी एकमेकांना धरून राहिली पाहिजे. आजच्या बहुतेक मॉड्युलर रायफली याच पायावर उभ्या आहेत.

कोणाला काही विचारायचं असेल तर खाली विचारा. पुढचा इतिहास प्रतिसादात लिहितो.

भरती बॅच चांदूर

काका मस्त माहिती. वाचतोय. स्कार आणि एआरएक्सबद्दल पण लिहा.

रेणुका, मोर्शी

मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवते. ताण कुठून कुठे जातो हे तुम्ही आधी सांगितलंत ते आवडलं, कारण आम्ही मुलांना पहिल्याच वर्षी हेच विचारतो : जोडणीत भार कोणत्या पृष्ठभागावर आहे?

माझा प्रश्न मापांचा आहे. नळी वारंवार काढायची-घालायची तर ती दर वेळी त्याच जागी बसली पाहिजे. बोल्टचा चेहरा आणि चेंबरमध्ये राउंड जिथे टेकतो ती जागा, यांतलं अंतर तुम्ही हेडस्पेस म्हणता ना? ते किती सैल चालतं? शिवाय पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र आलं की उष्णतेचा फरक येतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. चंद्रपूरचा मे महिना आणि सियाचीनचा जानेवारी या दोन्हींत एकच बसणी टिकवायची, हे सोपं काम नाही.

देवळीचा आर्मरर

ताई, नेमका तिथेच हात घातलात. हेडस्पेसची सूट मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांची, कधी त्याहूनही कमी. आर्मरर ते गो आणि नो-गो गेजनं तपासतो. गो गेजवर बोल्ट बंद व्हायला हवा, नो-गोवर होता कामा नये. जास्त सैल असेल तर केस, म्हणजे काडतुसाचं कवच, चेंबरमध्ये ताणून फाटते. बोल्ट नळीच्याच एक्स्टेन्शनमध्ये अडकत असेल तर हेडस्पेस नळी-बोल्टच्या जोडीत ठरून जातो आणि बॉडीच्या प्रसरणाचा त्याच्याशी संबंध उरत नाही. पोलादाला पोलाद भिडतं. स्टोनर यांच्या रचनेचं मोल मला इथं दिसतं.

ऑस्ट्रियाच्या स्टायर ऑगनं जरा वेगळी वाट धरली. १९७७-७८ ची ही रायफल. ॲल्युमिनियमच्या बॉडीत पोलादी घर बसवलं, बोल्ट त्यात अडकतो आणि नळीही त्याच घरात फिरवून लॉक होते. आखूड नळी घाला, लांब घाला, जाड नळी घालून एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, करा. डावखुऱ्या जवानासाठी बोल्ट बदलून रिकामी केस डावीकडून बाहेर काढता येते. इतक्या वर्षांपूर्वी इतकं जमवलं होतं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

हेडस्पेसचा प्रश्न सुटला तरी एक उरतो, झिरोचा, म्हणजे नेम धरला तिथंच गोळी लागावी अशा जुळणीचा. नळी काढून पुन्हा लावली की निशाण किती सरकतं? १०० मीटरवर एक मिनिटाचा कोन (अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण ३ सेंटीमीटर, ३०० मीटरवर ९. दोन-तीन मिनिटं जरी सरकलं तरी लांबचा नेम गेला. म्हणून दुर्बीण ज्या भागावर बसते तो भाग आणि नळीची बैठक यांचं नातं पक्कं लागतं. एफएन स्कारची नळी स्क्रूंनी ठरावीक टॉर्कवर आवळतात, त्यासाठी टॉर्क रेंच लागतो. बेरेटाच्या एआरएक्स-१६० ची नळी हत्याराशिवाय हातानं निघते. दोन्ही रचना मॉड्युलरच, पण एकीनं वेग निवडला, दुसरीनं पक्केपणा.

दर्यापूरकर

भाऊ, मले एक सांगा. नळी बदलता येते, हे झालं बरोबर. पन दुसरी नळी ठेवनार कोन? जवानाच्या पाठीवर आधीच पानी, राशन, राउंड, बॅटऱ्या. त्यात पुन्हा दीड-दोन किलोचं लोखंड घालाचं? आन् जंगलात पावसात बसून तो नळी बदलन का? मले नाई वाटत. आमच्या चुलतभावानं काश्मिरात नोकरी केली, त्याले काडतुसाचं वजन आन् बुटाचं वजन दोनच समजे. अशी रायफल कागदावरच चांगली दिसते का मंग?

देवळीचा आर्मरर

दर्यापूरकर भाऊ, या एका प्रश्नासाठी हा धागा काढल्याचं सार्थक झालं. मोर्च्यावरचा जवान नळी बदलत नाही आणि बदलणारही नाही. बदलतो तो आर्मरर, कोतमध्ये (पलटणीच्या शस्त्रागारात) किंवा वर्कशॉपमध्ये. मॉड्युलर रायफलीचा खरा फायदा पलटणीच्या स्टोअरला, वर्कशॉपला आणि कारखान्याला होतो. एकाच बॉडीवर आखूड, मध्यम आणि जाड नळी बसत असेल तर ट्रिगर, स्प्रिंगा, दस्ता, मॅगझिन हे सगळं सामान एकाच प्रकारचं साठवायचं. जवानाला एकदा एका हत्याराची खोल-जोड शिकवली की कार्बाइन (आखूड रायफल) आणि एलएमजीही हाताळता येते. नळी झिजली तर सगळी रायफल डेपोला पाठवायची गरज नाही.

पण फायदा जवानाचाच आहे असं समजून कोणी मागणीपत्र लिहिलं की गाडी भलत्याच रस्त्याला लागते. आपल्याकडे तेच झालं, असं माझं मत आहे. त्यावर पुढे लिहितो. आधी स्टोनर ६३ बद्दल, कारण ही चूक स्टोनर यांच्या त्या संचापासून चालत आली आहे.

१९६३ च्या सुमारास स्टोनर यांनी कॅडिलॅक गेज कंपनीत एक संच बनवला. एकच बॉडी. ती सुलटी धरली की रायफल किंवा कार्बाइन, उलटी केली की मशीनगन. वरून मॅगझिन लागणारी एलएमजीही तिच्यातून होई आणि काडतुसांच्या पट्ट्यावर चालणारीही. कल्पना विलक्षण होती. अमेरिकेच्या मरीन्सनी १९६७ मध्ये व्हिएतनाममध्ये ती वापरून पाहिली, नौदलाच्या सील पथकांनी पट्टावाली एलएमजी आवडीनं बाळगली. तरी मोठ्या सैन्यानं हा संच स्वीकारला नाही, एकूण चार हजारांच्या आतबाहेरच बनल्या. रचना गुंतागुंतीची, निगा जास्त. आणि लोकांनी तिला एका रूपातच वापरलं! सील जवान बदलत बसले नाहीत, त्यांना हलकी मशीनगन हवी होती, ती त्यांनी ठेवली. बाकीचे सुटे भाग पेटीत राहिले.

भद्रावतीवाला

मी आयुध निर्माणीतून निवृत्त झालो. माझं आयुष्य दारूगोळ्याच्या बाजूला गेलं, म्हणून त्या बाजूनं दोन शब्द. आपल्या विदर्भात या विषयाची अर्धी बाजू आहे आणि लोकांना ठाऊक नसते. भंडाऱ्याच्या जवाहरनगरला प्रणोदक (गोळी ढकलणारी दारू) आणि स्फोटकं, भद्रावतीला दारूगोळा भरणं, नागपूरच्या अंबाझरीला धातूचे भाग, पुलगावला सैन्याचा दारूगोळा डेपो. रायफली मात्र इकडं होत नाहीत. त्या तिरुचिरापल्ली, इशापूर, कानपूर अशा ठिकाणी.

बदलत्या कॅलिबरची, म्हणजे वेगवेगळ्या मापांचे राउंड चालवणारी, रायफल म्हटलं की पोरांना नळीच दिसते. मला काडतूस दिसतं. रायफल गॅसवर चालते. नळीतला थोडा गॅस छिद्रातून पिस्टनवर जातो आणि बोल्ट मागे नेतो. किती गॅस, किती दाबाचा आणि कोणत्या क्षणी, हे दारू किती वेगानं जळते त्यावर ठरतं. याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकी सैन्याची एम-१६ रायफल. ती एका प्रकारच्या दारूवर रचली आणि तपासली होती. व्हिएतनामला पाठवताना काडतुसात दुसऱ्या प्रकारची बॉल पावडर आली. फायरचा वेग वाढला, काजळी वाढली, चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, आणि जवानांना साफसफाईचं साहित्य व शिक्षणही पुरेसं मिळालं नाही. केस चेंबरमध्ये अडकू लागल्या, माणसं गेली. १९६७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीला चौकशी करावी लागली. रायफल तीच होती, बदलली होती पावडर.

आता विचार करा, एकाच रायफलीत दोन कॅलिबर म्हणजे दोन दारू, दोन दाब, दोन गॅस छिद्रं. म्हणून नळीसोबत गॅस ब्लॉकही बदलावा लागतो. नुसती नळी बदलून काम होत नाही.

रेणुका, मोर्शी

काका, हे फार महत्त्वाचं. मग बोल्टही बदलावा लागत असेल? केसचा बूड वेगळ्या व्यासाचा असेल तर एक्स्ट्रॅक्टर (रिकामी केस ओढून काढणारा आकडा) पकडणार कसा?

देवळीचा आर्मरर

हो ताई. ५.५६×४५ (पहिला आकडा कॅलिबरचा, दुसरा केसच्या लांबीचा, दोन्ही मिमीत) च्या केसच्या बुडाची कड ९.६ मिमी. ७.६२×३९, म्हणजे एकेचा राउंड, त्याची ११.३५. ७.६२×५१ ची १२. बोल्टचा चेहरा त्या मापाचा लागतो. मॅगझिनचंही तसंच. एकेच्या राउंडची केस निमुळती असते, म्हणून राउंड एकावर एक रचले की कमान होते आणि मॅगझिन केळीसारखं वाकतं. ५.५६ ची केस बरीच सरळ, तिचं मॅगझिन त्यामानानं सरळ. मग मॅगझिनची विहीरसुद्धा वेगळी करा.

लांबी पाहिली तर मात्र वेगळं चित्र दिसतं. ५.५६ चा पूर्ण राउंड ५७ मिमीच्या आसपास, ७.६२×३९ चा ५६. म्हणजे हे दोन्ही एका लांबीच्या बॉडीत बसू शकतात, बोल्टचा मागचा प्रवास सारखाच. पण ७.६२×५१ चा राउंड ७१ मिमीचा. त्याला बॉडीच लांब लागते. म्हणूनच एफएननं स्कारच्या दोन जाती केल्या, हलकी एल आणि जड एच. दोघींचे बरेच भाग समान ठेवले. अमेरिकेच्या स्पेशल ऑपरेशन्स कमांडनं ती २००४ मध्ये निवडली होती. २०१० मध्ये त्यांनी ५.५६ ची हलकी जात घेणं थांबवलं, आधीच्या एम-४ कार्बाइनपेक्षा एवढा खर्च करण्याजोगा फरक त्यांना दिसला नाही. जड जात मात्र ठेवली, कारण तिची गरज खरी होती.

नागभीड

धुळीच्या चाचणीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. २००७ मध्ये अमेरिकी सैन्यानं बारीक धुळीत चार जातींच्या रायफली तपासल्या, प्रत्येक जातीच्या मिळून ६०,००० गोळ्या. थांबण्याचे प्रसंग : एक्सएम-८ चे १२७, स्कारचे २२६, एचके-४१६ चे २३३, एम-४ चे ८८२. एक्सएम-८ ही जर्मन हेकलर अँड कॉखची मॉड्युलर रायफल, एकाच बॉडीवर कार्बाइनपासून एलएमजीपर्यंत. गंमत अशी की, ही चाचणी झाली तेव्हा तिचा प्रकल्प बंद होऊन दोन वर्षं झाली होती. सगळ्यांत कमी अडली तीच.

भद्रावतीवाला

चांगलं आठवलंत. याच चाचणीतल्या पहिल्या तीन रायफलींत पिस्टन आहे, एम-४ मध्ये गॅस थेट बोल्ट कॅरिअरमध्ये येतो. मॉड्युलर रचनेनं अडथळे वाढतात असं जे म्हणतात त्यांना या आकड्यांकडे बघावं लागेल.

टर्नर तुमसर

सर, या बोल्टचं आणि बॅरल एक्स्टेन्शनचं मापासहित ड्रॉइंग मिळेल का? लेथवर मॉडेल करून पाहायचं आहे.

देवळीचा आर्मरर

नाही बाळा. हत्याराचा भाग विनापरवाना बनवणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, मॉडेल म्हणून सुरू केलेलं कामही अंगाशी येतं. तुझा हात चांगला असेल तर आयुध निर्माणीच्या अप्रेंटिसशिपच्या जाहिरातीवर लक्ष ठेव. लेथवर काम करणाऱ्याची तिथं कदर आहे. या धाग्यावर मापांची चर्चा समजण्यापुरतीच राहील.

गडचिरोलीकर

आमच्याकडे १९९० पासून सी-६० चे (पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे) जवान जंगलात आहेत आणि त्यांच्या खांद्यावर एके दिसते. जवळच्या अंतरात, बांबूच्या रानात, चिखलात ती चालते. मला वाटतं मॉड्युलर हा श्रीमंत सैन्यांचा छंद आहे. आमच्या पोरांना चालणारं हत्यार हवं. आपल्या देशी इन्सास रायफलीचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. कारगिलला थंडीत मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या होत्या.

देवळीचा आर्मरर

गडचिरोलीकर भाऊ, तुमच्या जवानांचा अनुभव मी कधीच खोडून काढणार नाही. पण इन्सासबद्दल एक सांगतो. पुण्याच्या एआरडीईनं (डीआरडीओची शस्त्र-संशोधन संस्था) ती घडवली तेव्हा रायफल आणि एलएमजी एकाच कुटुंबातल्या असाव्यात हा विचार त्यात होताच. विचार चुकला नव्हता. पॉलिमर, त्याची थंडीतली चिवटता, कारखान्यातली एकसारखी गुणवत्ता, तिथं कमी पडलं. मॅगझिन हा रायफलीचा सगळ्यांत स्वस्त भाग आणि त्यानंच सगळ्यांत जास्त बदनामी करून ठेवली.

आता मूळ प्रश्न, आपण का नाही बनवली. २०११ मध्ये सैन्यानं ६६,००० मल्टी-कॅलिबर रायफलींसाठी निविदा काढली. अट अशी, की एकच रायफल ५.५६×४५ आणि ७.६२×३९ दोन्ही चालवेल. विचार असा, की सीमेवरच्या लढाईत ५.५६ आणि दहशतवादविरोधी कामात एकेचा राउंड. बेरेटा, कोल्ट, झेक सीझेड, इस्रायलची आयडब्ल्यूआय अशा कंपन्या चाचणीपर्यंत आल्या. २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. याच काळात एआरडीईनं स्वतःची एमसीआयडब्ल्यूएस रायफल केली, ५.५६, ७.६२×३९ आणि ६.८ मिमी अशा तीन कॅलिबरची. २०१४ च्या डेफएक्स्पो या संरक्षण-प्रदर्शनात ती मांडली. सैन्यात ती आली नाही.

आणि शेवटी सैन्यानं घेतलं काय? २०१९ च्या करारात ७२,४०० सिग-७१६, कॅलिबर ७.६२×५१. २०२१ च्या डिसेंबरात अमेठीजवळच्या कोरव्यात बनणाऱ्या सहा लाखांवर एके-२०३, कॅलिबर ७.६२×३९. दोन्हींत प्रत्येकीचं कॅलिबर एकच, बदलता न येणारं. २०२४ मध्ये पुण्यात दाखवलेली देशी उग्रम रायफल पण ७.६२×५१, चार किलोच्या आत, ५०० मीटरचा मारा. म्हणजे ज्या कामासाठी एकच रायफल दोन राउंडची मागितली होती, त्यासाठी दोन वेगळ्या रायफली आल्या.

माझं म्हणणं हे आहे : आपण मॉड्युलरपणा चुकीच्या जागी मागितला. कॅलिबर हा सैन्याचा निर्णय असतो, जवानाचा किंवा रायफलीचा नसतो. कॅलिबर ठरलं की त्यावरून कारखाने, डेपो, बेल्ट, मॅगझिन, प्रशिक्षण सगळं वर्षानुवर्षं बांधलं जातं. तो निर्णय रायफलीच्या अंगावर ढकलला की ती जड होते, महाग होते, आणि कोणताच राउंड तिच्यात पूर्ण रमत नाही. त्याऐवजी एक कॅलिबर, एक बॉडी आणि तीन लांबीच्या नळ्या मागितल्या असत्या तर एआरडीईला ते तेव्हाही जमलं असतं, यावर माझा ठाम विश्वास आहे. पोलंडनं एमएसबीएस ग्रोटमध्ये साधारण हेच केलं, ५.५६ पक्कं धरून नेहमीची आणि बुलपप (मॅगझिन ट्रिगरच्या मागे असलेली) अशी दोन्ही रूपं एका मूळ रचनेवर आणली. त्यांच्याही सुरुवातीच्या रायफलींवर जाहीर टीका झाली, त्यांनी सुधारणा केल्या, प्रकल्प सोडला नाही.

गडचिरोलीकर

तीन लांबीच्या नळ्यांचं पटतं. रानात आखूड आणि टेकडीवरच्या पोस्टवर लांब, हे आमच्याकडेही कामाचं आहे. पण राउंड कोणता धरला असता?

देवळीचा आर्मरर

वजनावरून बघा. ५.५६ चा एक राउंड साधारण १२ ग्रॅम, ७.६२×३९ चा १६-१७, ७.६२×५१ चा २४. ७.६२×५१ च्या तुलनेत तेवढ्याच वजनात ५.५६ चे दुप्पट राउंड येतात. अमेरिकेनं २०२२ मध्ये ६.८×५१ चा नवा राउंड आणि सिगची रायफल निवडली, तिथं जवानाच्या अंगावरचे राउंड २१० वरून १४० वर आले. दम वाढला, संख्या घटली. मी पायदळातल्या सर्वसाधारण जवानासाठी ५.५६ वर राहिलो असतो आणि सेक्शनमध्ये (पायदळाच्या छोट्या तुकडीत) एक-दोन ७.६२×५१ दिल्या असत्या. सैन्यातले पुष्कळ जण हे मानणार नाहीत, त्यांना एका गोळीत पाडणारा राउंड हवा असतो आणि त्यांचंही कारण अनुभवाचं आहे.

दर्यापूरकर

आता समजलं भाऊ. म्हणजे नळी पलटनीच्या कोतमधी रायते, जवानाच्या पाठीवर नाई. मंग एक शेवटचं इचारतो. नळी बदलली का झिरो कोन करन? आर्मरर का जवान?

देवळीचा आर्मरर

जवान. आर्मरर गेज लावून हेडस्पेस बघतो, गॅसचा रेग्युलेटर तपासतो, सही करून हत्यार देतो. झिरो मात्र ज्याच्या खांद्याला ती लागते त्यानंच रेंजवर जाऊन करायचा, कारण प्रत्येकाचा गाल दस्त्यावर वेगळा बसतो. आखूड नळीतून गोळीचा वेग कमी होतो, म्हणून ३०० मीटरला ती जरा जास्त खाली पडते. नळी बदलल्यावर मूळ झिरो विसरून नव्यानं पाच-पाच राउंडचे गट टाकून घ्यायचे, आणि नळीच्या नंबरासमोर सेटिंग कोतच्या रजिस्टरात लिहायची.